तीन घरांत ठेवलेला समुद्र

लवू भावोजींनी पिंगुळीला बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या वाडीत पहिल्यांदा कोणी आणली ते आता कोणीच कबूल करत नाही. माझ्यापर्यंत ती मासळी बाजारातून आली. माझ्याकडून पुढे गेली तेव्हा तिला थोडं तिखटमीठ लागलेलं होतं, एवढंच. पुरावे भक्कम होते. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग पडला, म्हणजे भरती-ओहोटी मंदावून पाणी आळसावलं, की हा साठीला टेकलेला माणूस इस्त्रीचा सदरा चढवायचा, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरायचा आणि कुडाळची एसटी पकडायचा. संध्याकाळी परत यायचा तो अशा तंद्रीत, की हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायचा. बाईचं नावसुद्धा कळलं होतं. तुळसा.

आता खरं सांगते. तुळसाबाई पिंगुळीच्याच, पण वय पंच्याहत्तर, तोंडात एक दात नाही, आणि घरी चार नातवंडं. फडक्यात लुगडं-बिगडं नव्हतं, कॉम्प्युटरची सीडी होती. हे कळलं तेव्हा वाडीतल्या बायकांची इतकी निराशा झाली की दोन दिवस विहिरीवर कोणी धड बोललं नाही.

लवू भावोजींची बायको प्रेमलता बाजारात मासळी विकते. अफवा तिच्या कानावर घालायचं काम मी शेजारधर्म म्हणून केलं होतं. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याचा गडगा आहे, त्यावर कोपरं टेकून. तिनं टोपलीतले बांगडे नीट लावत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसूंदे गो. कोणतरी बसान तेचा ऐकता, ता बरा. माका येळ खंय आसा?"

ऐकण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं. समुद्र.

लवू भावोजी तांडेल. होडी त्यांच्या हुकमानं चालायची आणि तांडेल म्हणून त्यांचा दबदबा वेंगुर्ल्याच्या जेटीपर्यंत होता. पण पन्नाशीनंतर त्यांच्या आतल्या कानात काहीतरी बिघडलं. जमिनीवर माणूस ठणठणीत. होडीत उभा राहिला की आभाळ खाली आणि पाणी वर. एकदा खलाशांच्या डोळ्यांदेखत ते भर उन्हात, काही कारण नसताना, एखादी गोण ठेवावी तसे अलगद पाण्यात गेले. कुडाळच्या डॉक्टरनं होडी बंद केली. त्यानंतर ते रोज किनाऱ्यावर जाऊन बसत. समुद्राकडे तोंड करून नव्हे, पाठ करून. मी विचारलं तर म्हणाले, "वयनी, हयसून तो उलटो दिसता."

तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, ते असं.

त्यांचा मुलगा निकेत मालवाहू जहाजावर आहे. २००४ साली त्यानं आईबापांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून घरी कॉम्प्युटर आणून बसवला. पहिले काही महिने भावोजी त्याच्यासमोर नुसते बसत. काही केलं नाही की पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागत, ते बघत. प्रेमलता येताजाता म्हणे, "ते इकूक गावतले काय, तेवढा विचार." मग एके दिवशी त्यांना चित्रं काढायचा तो कॉम्प्युटरमधला फळा सापडला, आणि आमच्या शेजारचा तांडेल परत समुद्रावर गेला.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. किनाऱ्यावरून समुद्र बघतो तो आपण सगळेच. तांडेल बघतो ती जमीन. भर पाण्यात ना दगड रोवता येतो ना पाटी लावता येते. तरी खाली जिथं खडप, म्हणजे बुडालेला खडक, आहे, जिथं मासा थांबतो, त्या जागेवर परत परत जायचं असतं. मग मागे वळून बघायचं. देवळाचा कळस डोंगरातल्या खाचेत बरोबर बसला, की तुम्ही एका रेघेवर आलात. त्याच रेघेवर पुढं-मागं होत राहायचं, आणि उत्तरेकडे बघायचं. तिकडे डोंगराचं नाक पांढऱ्या खडकाला टेकलं, की थांबायचं. एका खुणेनं रेघ मिळते, दोन खुणांनी जागा. या खुणा बापाकडून मुलाकडे जातात. भावाला सांगत नाहीत, मेव्हण्याला तर मुळीच नाही.

निकेतनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आता यंत्र मिळतं हातात धरायचं, जागेचे आकडे देतं." भावोजी म्हणाले, "ता आकडे सांगता. माका दिसाक होया."

तर ते चित्रं काढत. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांची खोली दिसते म्हणून मला माहीत. मुद्दाम बघायचं तर गडग्यावर चढावं लागतं, ते मी दोनदाच केलं आहे. दुपारी वाडी निजलेली असायची. माडांच्या सावल्या अंगणात हलत असायच्या. भावोजी प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसत आणि हळूहळू डुलू लागत. पुढे, मागे, जरा डावीकडे. होडी लाटेवर असते तसे. बराच वेळ डुलत. मग डोळे न उघडताच हात माउसवर जाई, आणि डोळे उघडून ते एक एक ठिपका ठेवत. डोंगर जांभळे, कारण निळा पाण्याला लागला होता. आमची वाडी एवढीशी, नखाएवढी. माझं घर कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "माडाच्या फाटल्यान. तुजा तोंड थंयसून दिसना नाय, ह्याच थंयचा सुख."

एकदा वादळी वाऱ्यात शाळेमागचा उंच ताड पडला. त्या संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले ते पांढरे पडून. "तो ताड देवळाच्या उजवीक होतो काय डावीक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथून बघितलं तर उजवीकडे. "हयसून नको गो. दर्यातसून." ते मी कशी सांगणार? आणि त्यांनाही सांगता येईना. चित्रात तो ताड अजून आला नव्हता. दोन दिवसांनी आठवलं, पण त्या दोन दिवसांत त्यांचं काहीतरी बदललं. होडी गेली होती, आता डोळ्यांमागचा समुद्रही एकेक ताड करून जाणार हे त्यांना कळलं. उरेल तो त्या डब्यातला. आणि डबा मोडला तर?

मालवणात यतीन कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, दुरुस्त्याही करतो. भावोजी त्याच्याकडे गेले. यतीननं त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं, "काका, खारी हवा आहे, वीज जाते-येते, मशीनचा भरवसा धरू नका. एक प्रत घरात, एक गावात, एक गावाबाहेर. नवीन काही काढलं की तिन्ही नव्या करायच्या. आणि अधूनमधून प्रत्येक सीडी उघडून बघायची, आणि ज्याच्याकडे ठेवाल त्याला सांगायचं की जपून ठेव."

एवढं ऐकून भावोजी खूश झाले. तांडेलाला शिस्त आवडते. भांगाचे दिवस प्रती करण्याचे ठरले. त्या दिवसांत त्यांनी आयुष्यभर जाळी शिवली होती, आता सीड्या करू लागले. नवी नेऊन ठेवायची, जुनी परत आणायची. गावाबाहेरची प्रत तुळसाबाईकडे. पूर्वी त्यांचा नवरा चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायचा, खेळ घेऊन आमच्या देवळात यायचा, तेव्हापासूनची ओळख. तिच्या घरात एका लाकडी पेटीत लाल फडक्यात बांधलेली चित्रं आहेत, सासऱ्याच्याही आधीची, आणि त्यांना अजून कसर लागलेली नाही. ज्या पेटीत चित्रं इतकी वर्षं जगली तिथं आपलीही जगतील, हा भावोजींचा हिशेब. मला तो पटला. गावातली प्रत भिकाजीकडे. भिकाजी म्हणजे प्रेमलताचा भाऊ, भावोजींचा मेव्हणा, वाडीच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि तोही तांडेल.

इथं घोटाळा झाला. आमच्याच लोकांच्या हातून होईल असा. खुणा मेव्हण्याच्या घरात ठेवायच्या, आणि त्या त्याला कळू मात्र द्यायच्या नाहीत. भावोजींनी चित्रं वाटून टाकली. डोंगराकडच्या खुणा एका सीडीत, उत्तरेकडच्या दुसऱ्या सीडीत. पहिली पिंगुळीला, दुसरी भिकाजीला. अर्धी चोरली तरी चोराच्या हाती नुसती रेघ लागणार, जागा नाही. दोन्ही मिळून पूर्ण समुद्र फक्त घरच्या कॉम्प्युटरवर. आणि भिकाजीनं विचारलं, "काय आसा रे ह्यात?" तेव्हा भावोजी म्हणाले, "कायेक नाय. जुनी भजना. आसूंदे कपाटात."

म्हणजे यतीनचा उपदेश त्यांनी पाळला तो असा: प्रती तीन घरांत, पण बाहेरच्या दोन्ही अर्ध्या-अर्ध्या, आणि त्याचं शेवटचं वाक्य साफ सोडून.

२००७ सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारभर हवा गच्च दाबलेली होती. मग मळब दाटून आलं आणि एकच वीज अशी पडली की माझ्या हातातला तांब्या झणझणला. भावोजींच्या टेलिफोनच्या तारेतून ती आत आली. फोन गेला, कॉम्प्युटर गेला, खोलीत जळक्या रबराचा वास. सकाळी ऊन पडल्यावर यतीननं येऊन डबा उघडून बघितला, आतली मुख्य चकती हातात धरून कानाशी हलवली आणि परत ठेवली. "काका, ह्यातून काही निघणार नाही. पण तुमच्या प्रती आहेत ना?"

भावोजी तसेच भिकाजीकडे गेले. प्रेमलता मागोमाग, आणि प्रेमलताच्या मागोमाग मी, कारण ती घाबरली होती आणि मला उत्सुकता होती. भिकाजीच्या अंगणात बांगडे वाळत घातले होते. चार बाजूंना काठ्या, काठ्यांना दोऱ्या, आणि दोरीला मधोमध एक चकती वाऱ्यावर गरगर फिरत होती. उन्हात तिच्यातून इंद्रधनुष्याचे तुकडे उडत होते, मासळीवरून, भिंतीवरून, भिकाजीच्या उघड्या पोटावरून. खरं सांगते, दिसत सुंदर होतं.

"ही खंयची?" भावोजी म्हणाले.

"तुजी भजना," भिकाजी म्हणाला. "कावळे येकदम बंद झाले बग. माका वाटला, ह्या आदी कित्याक सुचाक नाय."

भावोजींनी चकती दोरीवरून सोडवली. एका बाजूचा चंदेरी पापुद्रा खपल्या धरून निघत होता. पलीकडचं आभाळ दिसत होतं तिच्यातून.  भिकाजी आधी हसला, मग बहिणीच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"भजना नाय होती ती," प्रेमलता म्हणाली.

"मगे माका सांगाक काय झाला तेका?" भिकाजी म्हणाला. "मी काय घरातली वस्तू कावळ्यांक टांगतंय?"

 चूक भिकाजीची नव्हती, आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी पिंगुळीला गेले. तिथली सीडी पेटीत लाल फडक्यात जशीच्या तशी होती. तुळसाबाईंनी तीही इतर चित्रांसारखीच पुसून ठेवली होती. भावोजींनी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यात काय आसा ता कोणाकोणाक ठावक?"

"माका."

"आणि तुका इसर पडलो तर?"

हे भावोजींनीच मला नंतर सांगितलं. परतीच्या एसटीत त्यांना कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे.

त्यांच्या हातात आता अर्धा समुद्र होता. सगळ्या रेघा होत्या, पण त्या रेघांवर थांबायचं कुठे, ते नव्हतं. ते परत खुर्चीत डोळे मिटून डुलायला लागले. समोर कॉम्प्युटर नसताना. मी खिडकीतून बघत होते. यात मला गंमत वाटेना. ते डुलत, थांबत, डोकं हलवत, परत डुलत. उत्तरेकडचं नाक कुठल्या खडकाला टेकायचं ते येईना. थोरल्या आज्याचं खडप म्हणून त्यांची एक आवडती जागा, तीही सापडेना. आठ दिवसांत माणूस उतरला.

शेवटी ते भिकाजीकडे गेले. गडगे ओलांडून बातम्या माझ्याकडे येतात, त्यामुळे बोलणं कळलं ते सांगते. भावोजी म्हणाले, "माका दर्यात व्हर." भिकाजी म्हणाला, "पडशीत." भावोजी म्हणाले, "पडतलंय." मग भिकाजीनं हातातली जाळ्याची गाठ सोडवली आणि म्हणाला, "होडयेत उबो ऱ्हवू नको म्हणान डॉक्टरान सांगितल्यान मरे. निजाक खंय नाय म्हटल्यान?"

अशी आमची दर्यातली सहल ठरली. भांगाचा दिवस, सकाळ, पाणी तेलासारखं. प्रेमलता नवऱ्याचं डोकं धरायला आली, आणि मला म्हणाली, "तू पण चल. घराक ऱ्हवलंस तर कायतरी रचून ठेवशीत." होडीत बायका बघून भिकाजीनं तोंड वाकडं केलं, पण मासे धरायचे नाहीत म्हटल्यावर गप्प बसला. जाळ्यांचा ढीग रचला, त्यावर भावोजी रेलून निजले, डोकं प्रेमलताच्या मांडीवर, हातात यतीननं पिंगुळीच्या सीडीतून छापून दिलेली चित्रं. माझ्या गळ्यात निकेतचा कॅमेरा.

किनारा मागे गेला. वाडीचे आवाज एकेक करून गळून पडले. आधी कुत्री, मग गिरणी, मग देवळाचा लाउडस्पीकर. मी जन्मभर त्या काठावर राहिले, पण माझं गाव मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते धुक्यात भिजलेल्या हिरव्या फडक्यासारखं होतं, आणि आपण त्यात राहतो यावर विश्वास बसत नव्हता. डोंगर खरंच जांभळे होते. माझं घर खरंच दिसत नव्हतं.

भावोजींनी चित्र आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटला. "डावीक. अजून. कळस खाचेत येवंदे. हा. आता ही रेग सोडू नको." भिकाजी इंजिन अगदी मंद करून त्या रेघेवरून होडी बाहेर न्यायला लागला, आणि दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडत राहिला. चिखलात शिसं गुपचूप रुततं. दगडावर पडलं की दोरीतून हाताला ठोका लागतो. सोडायचं, ओढायचं, सोडायचं.  प्रेमलताची बोटं नवऱ्याच्या केसांतून फिरत होती. बाजारात हीच बाई कोणाला बोलू देत नाही.

"लागला," भिकाजी म्हणाला.

भावोजींनी मान उत्तरेकडे वळवली. होडी डुलत होती आणि ते तिच्याबरोबर डुलत होते, खुर्चीत डुलायचे तसेच. लांबवर डोंगराचं नाक पाण्यात उतरलं होतं आणि त्याच्या टोकाला एक पांढरा खडक, जवळ, जवळ, टेकलेला. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणत नाही. झोपेत मुलं हसतात तसं काहीतरी.

"थोरल्या आज्याचा खडप," ते म्हणाले. मोठ्यानं, भिकाजीला ऐकू जाईल असं.

भिकाजीनं तिकडे बघितलं. "ह्या? ह्या माका ठावक आसा. माजो बापूस हेका गरवारीचा खडप म्हणी."

"तुज्या बापाशीक कोणी सांगितल्यान?"

"तुज्याच आज्यान सांगितल्यान आसतला."

इतकी वर्षं जपलेलं गुपित असं फुकट गेलेलं बघून मला हसू आवरेना. प्रेमलतानं मला चिमटा काढला. पण पुढच्या जागेवर भिकाजी बोलला नाही. ती त्याला माहीत नव्हती. त्याच्या पुढचीही नाही. भावोजी सांगत गेले. डावीक, सोड, थांब, आता वर बग. प्रत्येक जागेवर भिकाजी इंजिन बंद करून उत्तरेकडे बघत उभा राही, देवळात उभा राहतो तसा, ओठ हलवत. शेवटच्या जागेवर त्यानं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मी फोटो काढत होते. त्यातल्या निम्म्या फोटोंत माझा अंगठा आहे, हे यतीननं नंतर चारचौघांत दाखवलं, त्याला मी विसरलेले नाही.

परतताना भावोजी निजून गेले. खरंच निजले, प्रेमलताच्या मांडीवर, उन्हात तोंड उघडं टाकून. भिकाजीनं होडी इतकी सावकाश आणली की मला वाटलं आपण पोचूच नये.

निकेतनं नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. आता वीज कडाडली की भावोजी आधी फोनची तार उपटतात, मग खिडक्या लावतात. चित्रं सगळी नव्यानं काढून झाली, दोन्ही बाजूंची, आणि आता वाटून ठेवत नाहीत. पूर्ण समुद्र तुळसाबाईच्या पेटीत, पूर्ण समुद्र भिकाजीच्या कपाटात, वर मोठ्या अक्षरांत 'कावळ्यांसाठी नाही' लिहून. ते अक्षर भिकाजीच्या बायकोचं. भांगाच्या दिवसांत भिकाजी दुपारचा येतो, दोघं कॉम्प्युटरसमोर बसतात, सीडी उघडून बघतात. मग भावोजी पडद्यावर हात ठेवून चित्र झाकतात आणि त्याला विचारतात, सांग बघू. भिकाजी डोळे मिटतो. खुर्चीत तोही डुलायला लागतो. दोन म्हातारे, भर दुपारी, जमिनीवर, एका लाटेवर. सांगताना चुकला की भांडतात, ते गडग्याच्या अलीकडे स्पष्ट ऐकू येतं. भिकाजीच्या टोपलीत हल्ली जरा जास्त मासळी दिसते असं बाजारात बोलतात. मी नाही बोलत, बाजार बोलतो.

परवा दोघं असेच बसलेले असताना मी गडग्यावरून भावोजींना हाक मारली. म्हटलं, "काय ओ भावोजी, बापाशीन दिलेल्यो जागो सगळ्यो मेवण्याक देवन टाकल्यात. तुमच्याकडे आता काय ऱ्हवला?"

त्यांनी भिकाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गो वयनी, मी इसारलंय तर तेच्याकडे आसा. तो इसारलो तर माज्याकडे आसा. दोगांवय इसारलंव, तर माशांचा बरा होतला."